प्रकाशसंश्लेषणाचा वेग कुठे अडतो? पानाच्या चकत्या तरंगवून शोधण्याची पद्धत

प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण शाळेतच पाठ झालेलं असतं. कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू, पाण्याचे ६ रेणू आणि प्रकाश. त्यातून ग्लुकोजचा १ रेणू आणि ऑक्सिजनचे ६. काय लागतं ते यातून कळतं, पण ते किती वेगाने घडतं हे कळत नाही. झाडाची वाढ तर या वेगावरच ठरते. त्या घडीला जी गोष्ट सगळ्यात तोकडी असेल, बहुतेक वेळा तीच हा वेग अडवून धरते. प्रकाश तोकडा असताना खत घालून उपयोग नाही, आणि मुळाशी पाणी नसताना दिवा वाढवला तर उलट नुकसानच. म्हणून काहीही वाढवायच्या आधी वेग नेमका कुठे अडलाय ते शोधावं लागतं.

हा वेग घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत मोजता येतो, आणि तोही महागड्या उपकरणाशिवाय. त्यासाठी पानाच्या आत काय चालतं ते थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे पुढचे आकडे वाचता येतील.

पानातली दोन कामं

पानाच्या पेशींतल्या हिरव्या कणांत, म्हणजे हरितलवकात, दोन कामं एकमेकांना जोडून चालतात. पहिलं काम पातळ पटलांवर होतं. तिथे हरितद्रव्य प्रकाश शोषतं, पाण्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन सुटतो आणि प्रकाशातली ऊर्जा एटीपी आणि एनएडीपीएच या दोन रेणूंमध्ये साठते. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला प्रकाशाचे किमान ८ कण खर्ची पडतात. हा ऑक्सिजन पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही. १९४१ मध्ये रुबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार) असलेलं पाणी वापरून हे दाखवलं.

दुसरं काम पटलांभोवतीच्या द्रवात होतं. तिथे रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारं प्रथिन) कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि साठवलेली ऊर्जा वापरून साखर तयार होते. एक रेणू पकडून त्याची साखर करायला ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच लागतात. रुबिस्को फार संथ आहे. पुष्कळशी विकरं सेकंदाला शेकडो-हजारो रेणू हातावेगळे करतात, हे जेमतेम ३-४. ही कसर भरून काढायला झाड ते भरमसाठ बनवतं. कित्येक झाडांच्या पानात विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत एकटं रुबिस्को असतं.

या दुसऱ्या कामाला ‘अंधारातली अभिक्रिया’ म्हणायची जुनी पद्धत आहे आणि तिने बराच घोळ घातलाय. हे काम रात्री होत नाही. दिवा बंद केला की एटीपी-एनएडीपीएचचा पुरवठा तुटतो, त्यातली काही विकरंही प्रकाशाशिवाय सुस्तावतात, आणि थोड्याच वेळात सगळं थांबतं. प्रकाश थेट लागत नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ.

साहित्य

पालकासारखी ताजी, मऊ, बिनलवेची पानं घ्या. जाड मेणचट किंवा केसाळ पानं इथे चालत नाहीत, त्यांच्यात द्रावण शिरत नाही. पानं अंधारात किंवा फ्रीजमध्ये असतील तर प्रयोगाआधी अर्धा तास पाण्यात देठ बुडवून उजेडात ठेवा, म्हणजे मिटलेली पर्णरंध्रं (पानावरची सूक्ष्म छिद्रं) उघडतील.

याशिवाय हे लागेल: कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन किंवा ताठ स्ट्रॉ, १० किंवा २० मिलीची बिनसुईची सिरिंज, सपाट तळाचे दोन पारदर्शक पेले, खाण्याचा सोडा, भांडी घासायचा द्रवरूप साबण, थर्मामीटर, घड्याळ आणि एलईडी दिवा. जुन्या तारेच्या बल्बपेक्षा एलईडी बरा. बल्ब पाणी तापवतो, आणि मग वेग प्रकाशाने वाढला की उष्णतेने, ते कळायला मार्ग उरत नाही. बल्बच वापरायचा असेल तर दिवा आणि पेला यांच्यामध्ये पाण्याने भरलेलं सपाट काचेचं भांडं ठेवा. बरीचशी उष्णता ते पाणी झेलतं.

द्रावणासाठी १ लीटर पाण्यात २ ग्रॅम सोडा विरघळवा. हे ०.२ टक्क्यांचं द्रावण झालं. वजनकाटा नसेल तर ३०० मिली पाण्याला चहाच्या चमच्याचा आठवा भाग सोडा साधारण पुरतो. त्यातून मिळणारा बायकार्बोनेट म्हणजे पानासाठी कार्बन डायऑक्साइडचा साठा. पान वापरेल तसा तो भरून येत राहतो. साबण आधी वेगळ्या पाण्यात पातळ करा (एका पेल्यात एक चमचा) आणि त्या पातळ साबणाचा एकच थेंब ३०० मिली द्रावणात टाका. पानाच्या पृष्ठभागावरचा मेणाचा थर पाण्याला दूर लोटतो, साबण त्याला नमवतो. फेस आला तर साबण जास्त झालाय, द्रावण नव्याने करा.

दुसऱ्या पेल्यासाठी फक्त पाणी आणि तेवढाच साबण. सोडा नाही. हा तुलनेचा पेला वगळू नका, निकालावर विश्वास ठेवायचा की नाही ते याच्यावरूनच ठरतं.

कृती

१. पानाच्या जाड शिरा टाळून प्रत्येक पेल्यासाठी १० चकत्या पाडा. चकत्या शक्यतो एकाच पानाच्या किंवा एकाच वयाच्या पानांच्या घ्या.

२. सिरिंजचा दट्ट्या काढून चकत्या आत टाका. दट्ट्या परत बसवून चकत्या चिरडणार नाहीत इतपतच आत ढकला.

३. ४-५ मिली द्रावण ओढून घ्या. तोंड वर करून आतली हवा बाहेर काढा. सिरिंजवर टिचकी मारली की चकत्या द्रावणात मोकळ्या होतात.

४. तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या मागे ओढून १० सेकंद धरा. चकत्यांच्या कडांतून बारीक बुडबुडे सुटताना दिसतील. ती पानातल्या पोकळ्यांमधली हवा. सिरिंज हलकेच फिरवत राहा, मग बोट काढा. दाब परत आला की हवेच्या रिकाम्या जागेत द्रावण शिरतं आणि चकती बुडते.

५. सगळ्या चकत्या बुडेपर्यंत असंच करा, पण तीनपेक्षा जास्त वेळा नको. वारंवार ओढाताण झाली की पेशी फुटतात आणि चकती दिसायला हिरवी असली तरी काम करत नाही.

६. चकत्या पेल्यात ओता, द्रावण सुमारे ३ सेंमी उंचीपर्यंत भरा. दुसऱ्या पेल्यासाठी हेच बिनसोड्याच्या पाण्यात करा.

७. दोन्ही पेले दिव्यापासून सारख्या अंतरावर ठेवा, घड्याळ सुरू करा. दर मिनिटाला किती चकत्या तरंगताहेत ते लिहा. मोजण्याआधी पेला हलकासा फिरवा, कारण कधीकधी चकत्या तळाला किंवा एकमेकींना चिकटून बसतात.

पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही, तेव्हा घाई करू नका. वाकून बाजूने बघितलंत तर चकतीच्या कडेला मोत्यासारखा बुडबुडा धरलेला दिसेल. आधी चकतीची एक बाजू उचलली जाते, क्षणभर ती तळावर तिरकी उभी राहते आणि मग सरळ वर येते. पानात तयार झालेला ऑक्सिजन तिला उचलतो. चांगल्या उजेडात १०-१५ मिनिटांत बहुतेक चकत्या वर येतात. बिनसोड्याच्या पेल्यातल्या जवळपास सगळ्या तळाशीच राहायला हव्यात.

वेग कसा काढायचा

१० पैकी ५ चकत्या तरंगायला लागलेला वेळ घ्या. सातव्या मिनिटाला ४ आणि आठव्याला ६ असतील तर ७.५ मिनिटं धरा. सगळ्या दहा वर येईपर्यंतचा वेळ घेऊ नका. एखादी दुखावलेली चकती शेवटपर्यंत वर येत नाही आणि तेवढ्याने आकडा बिघडतो. मधल्या वेळेवर तिचा परिणाम होत नाही.

वेळ जितका कमी तितका वेग जास्त, म्हणून १ भागिले तो वेळ असा आकडा काढा. ८ मिनिटं लागली तर ०.१२५, ४ मिनिटं लागली तर ०.२५.

हा निव्वळ वेग आहे. पान उजेडातही श्वसन करत असतं आणि तयार झालेल्या ऑक्सिजनातला थोडा स्वतःच वापरत असतं. झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन, असं जे सर्रास सांगितलं जातं त्यात श्वसनाचा अर्धा दिवस गाळलेला असतो. हे पडताळून पाहायचं तर सगळ्या चकत्या तरंगल्यावर पेला काळ्या कापडाने झाका आणि अधूनमधून बघा. श्वसनाने ऑक्सिजन संपत जातो तशा चकत्या पुन्हा एकेक करून बुडतात.

फसतं कुठे

चकत्या बुडतच नसतील तर बहुतेक वेळा सिरिंजच्या तोंडावरचं बोट सैल असतं किंवा साबण टाकायचा राहिलेला असतो. सगळ्या चकत्या पहिल्या मिनिटातच वर आल्या तर आतली हवा पुरती निघालेली नाही. मिळालेला आकडा फेकून द्या.

बुडाल्या पण वर येत नाहीत, तर आधी सोडा तपासा. कधीकधी खाण्याच्या सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरलेली असते. तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं, ती पाण्यात टाकताच फसफसते आणि प्रयोग बिघडतो. सोडा ठीक असेल तर पान जुनं आहे, किंवा सिरिंजमध्ये चकत्यांचे हाल झालेत. कडा गडद आणि ओलसर दिसणारी चकती चिरडलेली समजा.

बिनसोड्याच्या पेल्यातल्या चकत्याही भराभर वर येत असतील तर पाण्यात विरघळलेली हवा चकत्यांवर बुडबुडे धरतेय. थंड पाणी उबदार खोलीत आणलं की हे हमखास होतं. पाणी काही तास खोलीच्या तापमानाला उघडं ठेवून मग वापरा.

एका वेळी एकच गोष्ट बदला

प्रकाशापासून सुरुवात करा. दिवा १०, २० आणि ४० सेंमीवर ठेवून तीन वेळा मोजा, दर वेळी नव्या चकत्या. अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो; म्हणजे प्रकाश १, १/४ आणि १/१६. हे गणित छोट्या दिव्याला लागू पडतं, रुंद पॅनेलला जवळून लागू पडत नाही. पॅनेल असेल तर अंतर मोजत बसण्यापेक्षा लक्समीटरने (उजेड लक्स या एककात मोजणाऱ्या यंत्राने) थेट मोजा.

कार्बन डायऑक्साइडसाठी प्रकाश तोच ठेवून सोडा ०, ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.४ टक्के करा. ०.२ चं द्रावण तेवढ्याच पाण्यात मिसळलं की ०.१ मिळतं, त्यातलंच पुन्हा निम्मं केलं की ०.०५. ०.४ साठी मात्र लीटरला ४ ग्रॅम नव्याने विरघळवा. आलेख आधी चढेल, मग सपाट होईल. सोडा आणखी वाढवत गेलात तर वेग घसरू लागतो, कारण खारं द्रावण पेशींतलं पाणी बाहेर ओढतं.

तापमानाचा प्रयोग सगळ्यात फसवा. पेला १०, २०, ३० आणि ४० अंशांच्या पाण्यात ठेवून मोजता येतं, पण पाणी तापलं की त्यात विरघळलेला वायू आपोआप बाहेर पडतो आणि चकत्या प्रकाशसंश्लेषणाशिवायही वर येतात. म्हणून प्रत्येक तापमानाला एक पेला झाकून अंधारात ठेवा. अंधारातल्या चकत्याही तरंगल्या तर त्या तापमानाचा आकडा धरू नका.

रंगीत कागदांचा प्रयोग लोकप्रिय आहे: लाल, निळा, हिरवा. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं हे खरं, पण हिरव्या प्रकाशात वेग शून्य होईल अशी अपेक्षा ठेवू नका. पान हिरव्या प्रकाशाचाही बराच भाग वापरतं. शिवाय प्रत्येक कागद वेगवेगळा प्रकाश अडवतो, त्यामुळे लक्समीटरशिवाय ही तुलना रंगांची होतच नाही, कागदांच्या जाडीची होते. लक्समीटरही माणसाच्या डोळ्याच्या मापाने हिरव्याला झुकतं माप देतो. शक्य असेल तर हा प्रयोग सोडून द्या आणि तो वेळ प्रकाश आणि कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) यांच्या जोडीला द्या.

ही जोडी अशी लावा: मंद प्रकाश–कमी सोडा, मंद प्रकाश–जास्त सोडा, प्रखर प्रकाश–कमी सोडा, प्रखर प्रकाश–जास्त सोडा. मंद प्रकाशात सोडा वाढवून वेग फारसा हलत नाही. प्रखर प्रकाशात तोच सोडा वेग दणदणीत वाढवतो. या चार पेल्यांत सगळा विषय येतो.

आलेख वाकतो तो का

प्रकाश वाढवला की वेग सुरुवातीला सरळ रेषेत चढतो. तिथे पटलांवरचं काम तोकडं असतं. जितके प्रकाशकण येतील तितकं काम. पुढे रेषा वाकते आणि सपाट होते. आता ऊर्जा भरपूर आहे, पण रुबिस्कोकडून तेवढ्या वेगाने काम उरकत नाही किंवा त्याच्यापर्यंत पुरेसा कार्बन डायऑक्साइड पोचत नाही. फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मर्यादाकारक घटकाचा नियम मांडला तो हाच.

यात तापमानाने फार मोठा धागा हाती दिला. मंद प्रकाशात तापमान वाढवलं तरी वेग जवळपास तोच राहतो. प्रखर प्रकाशात मात्र तापमानाबरोबर वाढतो. प्रकाश शोषण्याच्या कामाला उष्णतेचं फारसं देणंघेणं नसतं, विकरांच्या कामाला असतं. म्हणजे पानात एक नव्हे, दोन वेगळ्या स्वभावाची कामं चालली आहेत, हे आतली रसायनं माहीत होण्याच्या कितीतरी आधी नुसत्या वेगाच्या आलेखांवरून ताडता आलं.

तापमान वाढतच गेलं तर वेग कोसळतो आणि त्याचं एक मोठं कारण पुन्हा रुबिस्को. ते कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजनही पकडतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांहून किंचित जास्त, हे पाहता २५ अंशांवर दर ४-५ वेळांमागे एकदा चूक होणं म्हणजे खरं तर चांगलीच कामगिरी. पण उष्णता वाढते तशा चुका वाढतात आणि प्रत्येक चूक निस्तरायला ऊर्जा आणि आधी पकडलेला कार्बन जातो. मका, ऊस, ज्वारी यांसारख्या झाडांनी यावर तोड काढली आहे. ती कार्बन डायऑक्साइड आधी दुसऱ्या विकराने पकडून रुबिस्कोभोवती कोंडतात. त्यामुळे त्यांना ३० ते ४० अंश मानवतात, तर गहू, भात, पालक अशांना साधारण २० ते ३०.

कुंडीतल्या किंवा हरितगृहातल्या झाडाला हे कसं लावायचं

घरातल्या झाडाबाबत पहिला संशय प्रकाशावर घ्या. आपला डोळा अंधाराशी इतका सहज जुळवून घेतो की त्याच्यावर विसंबून चालत नाही. दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, चांगली उजळलेली खोली ३०० ते ५०० लक्सची. सावलीत वाढणाऱ्या झाडांची कमाई आणि श्वसनाचा खर्च काहीशे लक्सला कसाबसा बरोबरीत येतो. त्याखाली झाड साठवलेलं खात जगतं: पेरं लांबत जातात, खालची पानं गळतात. खिडकीपासून दूर असलेलं झाड खिडकीजवळ आणल्याने जो फरक पडतो तो कुठल्याही खताने पडत नाही. पानावरची धूळही ओल्या कापडाने पुसा. ती प्रकाशच अडवते.

उघड्यावरच्या झाडाला याच्या उलट. बहुतेक झाडांचं एकटं पान पूर्ण उन्हाच्या चौथाई ते निम्म्यातच भरून पावतं. त्यापुढचं ऊन वरच्या पानाला उपयोगी नाही, पण खालच्या सावलीतल्या पानांपर्यंत पोचलं तर आहे. गर्दी झालेल्या फांद्या विरळ करण्यामागचं कारण हेच.

भर उन्हात वेग अडतो तो बहुतेक पर्णरंध्रांपाशी. कार्बन डायऑक्साइड आत येण्याची आणि पाण्याची वाफ बाहेर जाण्याची वाट तीच. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पान पाण्याचे शेकडो रेणू गमावतं. मुळांकडून पाणी कमी पडलं की रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी ढिल्या पडतात, रंध्रं मिटतात, पाणी वाचतं आणि कर्बवायू तुटतो. प्रकाशसंश्लेषणात प्रत्यक्ष वापरलं जाणारं पाणी झाडाने शोषलेल्या पाण्याच्या १ टक्क्याहूनही कमी असतं. त्यामुळे ‘पाणी कमी म्हणून प्रकाशसंश्लेषण कमी’ याचा खरा अर्थ ‘दार बंद म्हणून कर्बवायू कमी’ असा असतो. पाणी सकाळी द्या. दुपारी पान माना टाकेपर्यंत थांबलात तर दिवसाचे बरेच तास हातचे जातात.

बंद हरितगृहात आणखी एक गोष्ट घडते. ऊन वर आलं की झाडं आतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि त्याचं प्रमाण बाहेरच्या सुमारे ४२० पीपीएमच्याही (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) खाली जातं. आधी झडपा उघडून बघा. वायू सोडायचाच असेल तर तो प्रकाश असतानाच, ८०० ते १,००० पीपीएमपर्यंत. त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही, आणि ५,००० पीपीएम ही माणसांसाठी आठ तासांच्या कामाची मर्यादा मानली जाते, म्हणून मीटरशिवाय हे करू नका.

हे सगळं नीट असूनही पानं फिकी असतील तर पिवळेपणा कुठून सुरू झालाय ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नायट्रोजन कमी आहे, म्हणजे रुबिस्को आणि हरितद्रव्य दोन्ही घडवायला माल नाही. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी त्याचाच अणू बसलेला असतो. असंच चित्र कोवळ्या पानांवर दिसलं तर लोहाची कमतरता धरा. ते जमिनीत नसतंच असं नाही. माती विम्लधर्मी असली की लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि तिथे खत ओतण्याआधी मातीचा सामू (पीएच) तपासावा लागतो.